गृहसौगंध्य आणि धूपन : शास्त्रोक्त क्रम व आजचा व्यवहार

प्रास्ताविक

आपले घर स्वच्छ, प्रसन्न व सुगंधी असावे, ही इच्छा सार्वत्रिक आहे. पावसाळा लागला की "घरात कुबट वास येतो, आयुर्वेदात यावर काही आहे का?" असा प्रश्न प्रत्येक वैद्याला ऐकावा लागतो. औषधी दुकानदारांकडेही याच सुमारास गुग्गुळ, राळ, ऊद, कापूर यांची मागणी वाढते. या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेक वर्षे एका वाक्यात देत असू : "सायंकाळी गुग्गुळ, राळ व कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करावी." तशा आशयाचे छापील पत्रकही आमच्या चिकित्सालयात ठेवलेले होते. एका बालरुग्णामुळे ते पत्रक आम्हांस मागे घ्यावे लागले. त्या निमित्ताने संहितांमधील मूळ संदर्भ पुन्हा वाचले असता, आपण धूपनाचा अर्थ बराच संकुचित व काही अंशी चुकीचा करून घेतला आहे, असे आमच्या लक्षात आले. तोच विषय प्रस्तुत लेखात व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

रुग्णानुभव

सुमारे चौदा महिन्यांचे एक बालक रात्री वाढणारा कास व छातीत घुरघुर या तक्रारींसाठी तीन महिन्यांत चौथ्यांदा आमच्याकडे आणले गेले. औषधाने चार-आठ दिवस उपशय मिळे व लक्षणे पुन्हा उद्भवत. आहार, दंतोद्भव, कृमी यांचा विचार करून झाला होता. अखेर आम्ही त्यांच्या घरी गेलो. तळमजल्यावरील दोन खोल्या, पावसामुळे बंद ठेवलेल्या खिडक्या, आणि बालक जेथे झोपे त्याच खोलीत धुपाटणे. बालकाच्या आजीबाईंना विचारले असता त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, रोज संध्याकाळी धुरी करा म्हणून. पण कुबट वास काही जाईना. मग आम्ही सकाळी आणि दुपारीही सुरू केली."

कपाट पुढे ओढल्यावर वासाचे कारण दिसले. मागील भिंत न्हाणीघराला लागून होती, आतील नळ पाझरत होता आणि गिलाव्यावर काळ्या बुरशीचा थर चढला होता. म्हणजे बालक एकीकडे बुरशीयुक्त व दुसरीकडे धूमयुक्त वायूचे सेवन दिवसरात्र करीत होते, आणि त्यापैकी दुसरे कारण आमच्या पत्रकातून उत्पन्न झाले होते. धुरी तत्काळ थांबविली. नळाची दुरुस्ती, भिंत ओलसर करून खरवडणे व चुन्याची सफेदी, बालकाची शय्या दुसऱ्या खोलीत हलविणे, एवढे उपाय झाले. बालरोगतज्ज्ञांनी दिलेली श्वसनमार्गाची औषधे व आमची चिकित्सा दोन्ही चालू ठेवली. पुढील हिवाळा बालकाने बऱ्यापैकी सुखाने काढला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपणच विसरलो होतो, एवढे मात्र त्यावरून निश्चित सिद्ध झाले.

शास्त्राधार : धूपन नेमके कशाचे?

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात कुमारागाराचे वर्णन आहे. हे गृह अंधाररहित असावे, जोराच्या वाऱ्यापासून सुरक्षित असूनही त्याच्या एका भागातून वायूचा संचार असावा, त्यात उंदीर, पतंग इत्यादींचा उपद्रव नसावा, आणि पाणी, उखळ, मलमूत्रविसर्जन, स्नान व स्वयंपाक यांच्या जागा परस्परांपासून योग्य रीतीने विभागलेल्या असाव्यात, असे तेथे सांगितले आहे. 'प्रवातैकदेश' हे त्यातील पद आपण सर्वांनी पुन्हा मनन करण्यासारखे आहे. गृहातील दुर्गंधाचा बहुतांश विचार या एका वर्णनात झालेला आहे.

त्यानंतर बालकाच्या शय्या-प्रावरणांचा विषय येतो. स्वेद, मल, जंतू यांनी युक्त तसेच मूत्रपुरीषाने दूषित झालेली वस्त्रे वर्ज्य करावीत. दुसरी उपलब्ध नसतील तर तीच उत्तम धुऊन, धूपित करून, शुद्ध व शुष्क झाल्यावर वापरावीत, असा आदेश आहे. येथील क्रम लक्षात घ्यावा. प्रथम प्रक्षालन, नंतर धूपन, आणि वापर मात्र शुद्ध व शुष्क अवस्थेतच. मळलेल्या वस्तूला धूर देऊन तिचा वास झाकावा, असे आचार्यांनी कोठेही सुचविलेले नाही.

पुढे यव, सर्षप, अतसी, हिंगु, गुग्गुलु, वचा, चोरक, जटामांसी, सर्पनिर्मोक इत्यादी द्रव्ये घृतासह धूपनार्थ सांगितली आहेत. हे धूपन वस्त्रे, शय्या, आस्तरण व प्रावरण यांचे आहे. बालकाला धुरावर धरावे, असा त्याचा अर्थ होत नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची व न्हाऊन झालेल्या बाळाला ओवा, वावडिंग, उदाची धुरी देण्याची रूढी आहे. तिच्या समर्थनार्थ या सूत्राचा आधार घेतला जातो, तो योग्य नव्हे. काश्यपसंहितेच्या कल्पस्थानातील धूपकल्पाध्यायात व्याधिपरत्वे अनेक धूप वर्णिले आहेत, हे खरे. तथापि तो चिकित्सेचा भाग आहे, व वैद्याने रुग्णावस्था पाहून करावयाचे ते कर्म आहे. घरोघरी नित्य आचरावयाची दिनचर्या म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

सुश्रुतसंहितेत व्रणितोपासनीय अध्यायात सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन दिवसातून दोन वेळा, दहा दिवस सांगितले आहे. म्हणजे द्रव्य, काळ व मर्यादा तिन्ही निश्चित आहेत. अष्टांगहृदयातील ज्वरचिकित्सेत येणारा अपराजित धूप (गुग्गुलु, ध्यामक, वचा, सर्जरस, निंब, अर्क, अगरु व देवदारु) हाही ज्वरासाठी आहे.

दोन परंपरा

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हिंगु, सर्षप, वचा, सर्पनिर्मोक ही द्रव्ये सुगंधी नव्हेत, उग्रगंधी आहेत. त्यांचा हेतू रक्षोघ्न आहे. केवळ सौगंध्यासाठी धूप तयार करण्याची विद्या निराळी. ती 'गंधयुक्ति' या नावाने ओळखली जाते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात धूपाचा समावेश राजाच्या उपभोगांत केलेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधरकृत 'गंधसार' आणि मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गंधशास्त्राची ही परंपरा मराठी मुलखातही नांदत होती, याची त्यावरून साक्ष पटते.

आज बाजारात या दोन्ही परंपरांची सरमिसळ झाली आहे. सुगंधासाठी केलेल्या धूपकांडीवर रक्षोघ्न गुणांचे वर्णन छापले जाते, आणि रक्षोघ्न धूपन सुगंधासाठी रोज केले जाते.

धूम हाही दोषच

आपल्या शास्त्राने धुराचे दोष जाणले नव्हते असे नाही. चरकांच्या जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात विकृत वायूची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत असात्म्य गंध, बाष्प, वाळू, धूळ यांच्यासह धूमाने उपहत असणे हेही लक्षण आहे. सुश्रुतांनी अग्निकर्मविधी अध्यायात धूमोपहताची लक्षणे दिली आहेत. श्वास, अतिक्षवथु, आध्मान, कास, नेत्रांचा दाह व राग, आणि अन्य गंधांचे ज्ञान न होणे ही त्यांतील काही होत.

आधुनिक मापनाने याला पुष्टीच मिळते. कोणताही सेंद्रिय पदार्थ धुमसत जळताना सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड आदी द्रव्ये बाहेर पडतात. पदार्थ वनस्पतिज आहे की कृत्रिम, यावर ते अवलंबून नसते. अडीच मायक्रॉनहून लहान कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा प्रति घनमीटर 15 मायक्रोग्रॅम सुचविली आहे. भारताच्या 2009 च्या मानकात ती 60 आहे. बंद खोलीतील धुरीने या दोन्ही मर्यादा सहज ओलांडल्या जातात.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या व्याख्यानांतून वारंवार सांगितला जातो. औषधी वनस्पतींच्या धुराने बंद खोलीतील हवेतील जिवाणूंची संख्या एका तासात सुमारे 94 टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. ही माहिती मोलाची आहे. मात्र त्या प्रयोगाचा विषय हवेतील जिवाणू हा होता. त्या धुरात श्वास घेणाऱ्या बालकाच्या किंवा दमेकऱ्याच्या श्वासनलिकेविषयी त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. या प्रयोगातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष एवढाच की, धूपन करावयाचे तर ते रिकाम्या खोलीत करावे.

दुर्गंधाचे निदान

रुग्णाने घरातील वासाची तक्रार केल्यास प्रथम प्रश्नपरीक्षा करावी. वास केव्हा, कोठे व कशासारखा येतो, हे विचारावे. घरातील माणसांच्या घ्राणेंद्रियाला तो वास सवयीचा झालेला असतो. म्हणून बाहेरून नुकत्याच आलेल्या व्यक्तीचे मत अधिक ग्राह्य धरावे. सामान्यतः आढळणारी कारणे अशी :

1. कुबट, मातीसारखा वास : भिंतीतील ओल व बुरशी, अर्धवट वाळलेले कपडे, भिंतीला चिकटून ठेवलेली कपाटे. ओलीचा उगम बंद केल्याशिवाय याला उपाय नाही.

2. गटारासारखा वास : न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीतील नहाणी ट्रॅपचे पाणी आटल्याने गटारातील वायू घरात येतो. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतणे हाच उपाय. आमच्या अनुभवात इतक्या स्वस्त उपायाने इतके समाधान क्वचितच मिळते.

3. सडका वास : ओला कचरा, शीतकपाटाखालील पाण्याचे ताट, मेलेला उंदीर.

4. स्वयंपाकाच्या गॅसचा वास : गळती कळावी म्हणून या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. अशा वेळी धूप, उदबत्ती, दिवा काहीही लावू नये, विजेचे बटण दाबू नये, खिडक्या उघडून बाहेर पडावे व 1906 या क्रमांकावर कळवावे. रोज दाट धूप असलेल्या घरात हा वास उशिरा लक्षात येण्याचा धोका असतो. 2020 नंतर कोविडमध्ये ज्यांची घ्राणशक्ती मंदावली, त्यांना याची विशेष सूचना द्यावी.

5. रुग्णशय्येचा वास : शय्याव्रण, मधुमेहींच्या पायाची जखम, मूत्रावरोध किंवा अनियंत्रित मूत्रप्रवृत्ती. येथे वास हे व्याधीचे लक्षण आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या खोलीत उदबत्त्यांची संख्या वाढलेली दिसली, तर वैद्याने पांघरूण दूर करून पाठ व टाचा तपासाव्यात.

निर्धूम उपाय

कारण दूर केल्यावर जे सौगंध्य हवे, त्यासाठी धुराची गरज बहुधा नसते.

वायू व आतप : सकाळ-संध्याकाळ समोरासमोरची दारे-खिडक्या पंधरा-वीस मिनिटे उघडावीत. गाद्या-उशांना आठवड्यातून एकदा कडक ऊन द्यावे. जेथे रस्त्यावरील वाहनांचा धूर असेल तेथे पहाटेनंतरची, रहदारी कमी असतानाची वेळ निवडावी.

अम्ल व क्षार : मासळीचा वास क्षारधर्मी द्रव्यांमुळे येतो. अम्लाने त्यांचे लवण बनते व ती हवेत उडत नाहीत. कोकणात व गोव्यात मासळी व भांडी आमसूल, चिंच किंवा लिंबाने धुतात, त्यामागील कारण हेच. याउलट आंबूस वासावर खाण्याचा सोडा उपयुक्त ठरतो. शीतकपाटात तो उघड्या वाटीत ठेवावा. मात्र ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव अम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनियायुक्त द्रव्यांशी, तसेच साचलेल्या मूत्राशीही त्याचा संयोग घातक आहे.

सुधा : चुन्याची सफेदी तीव्र क्षारधर्मी असल्याने तिच्यावर बुरशी सहसा वाढत नाही. ओल थांबविल्यानंतरच ती करावी.

उशीर : वाळ्याच्या जुड्या कपाटात ठेवाव्यात. विदर्भातील उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून लावतात. ते दररोज वाळू द्यावेत व बुरशीचा वास येताच टाकून द्यावेत.

पुष्प-पत्र : मोगरा, सोनचाफा, दवणा, मरवा यांचा ताजा गंध कोणत्याही फवाऱ्यापेक्षा सौम्य असतो. फुलदाणीतील पाणी मात्र दोन-तीन दिवसांनी बदलावे, अन्यथा डासांची उत्पत्ती होते.

सुगंधी पुरचुंडी : आम्ही पुढील योग वापरतो. वाळा 40 ग्रॅम, नागरमोथा 20 ग्रॅम, कपूरकाचरी 20 ग्रॅम, वेखंड 10 ग्रॅम, दवणा 10 ग्रॅम. सर्व द्रव्ये सावलीत पूर्ण वाळवून भरड करावी, आणि प्रत्येकी 25 ग्रॅमच्या चार पुरचुंड्या मलमलीत बांधून कपड्यांच्या कपाटात ठेवाव्यात. दोन-तीन महिन्यांनी बदलाव्यात. वेखंडामुळे किडीचा उपद्रव कमी होतो. ही पुरचुंडी पोटात जाणार नाही अशा उंचीवर ठेवावी. डांबरगोळ्यांऐवजी ती अवश्य सुचवावी, कारण नॅफ्थलिनच्या संपर्काने जी-6-पीडी न्यूनता असलेल्या नवजात बालकांत रक्तकण फुटून तीव्र कामला होऊ शकते.

धूपन करावयाचेच असल्यास

संसर्गजन्य व्याधीनंतर, पावसाळ्याच्या अखेरीस किंवा दीर्घकाळ बंद असलेले घर उघडताना धूपन करण्यास प्रत्यवाय नाही. विधी असा असावा. खोली प्रथम झाडून, पुसून कोरडी करावी. माणसे, पाळीव प्राणी व पक्षी बाहेर काढावेत. धातूच्या धुपाटण्यात पूर्ण पेटलेल्या निखाऱ्यावर घृताक्त द्रव्य दोन-तीन ग्रॅम एवढेच टाकावे. पडदे व स्पिरिटयुक्त द्रव जवळ नसावेत. दार लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, नंतर निखारे घराबाहेर काढून दारे-खिडक्या किमान अर्धा तास उघड्या ठेवाव्यात आणि मगच खोलीत वावर सुरू करावा. निखारे धूर देत नसले तरी त्यांतून गंधहीन कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. म्हणून बाळंतिणीच्या बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवणे सर्वथा वर्ज्य समजावे. तमकश्वास, राजयक्ष्मा, हृद्रोग, गर्भिणी व लहान बालके असलेल्या घरी धूपनाचा सल्ला देण्यापूर्वी वैद्याने दोनदा विचार करावा.

औषधी दुकानदारांसाठी

ग्राहकाच्या हातात अखेर द्रव्य देणारे आपणच असता. म्हणून काही सूचना नम्रपणे करतो.

राळ म्हणून शालवृक्षाच्या निर्यासाऐवजी चिडाच्या झाडाचे रोझिन सर्रास विकले जाते. रोझिनचा धूर हा डाखकाम करणाऱ्या कामगारांमध्ये व्यवसायजन्य दम्याचे मान्य कारण आहे. खरेदी करताना मूळ द्रव्याचा आग्रह धरावा. गुग्गुळात सालईच्या डिंकाची भेसळ होते. शुद्ध कापूर चमच्यात मंद उष्णता दिल्यास अवशेष न ठेवता उडून जातो, राख वा चिकट थर उरल्यास तो माल परत करावा. कापूर व निलगिरी तेल पोटात गेल्यास बालकांस आक्षेपक येऊ शकतात. ही सूचना विक्रीच्या वेळी तोंडी द्यावी. 'नैसर्गिक' तेलांच्या फवाऱ्याविषयीही सावध राहावे. लिंबूवर्गीय तेलांतील घटक हवेतील ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड व सूक्ष्म कण निर्माण करतात.

दुसरा मुद्दा द्रव्यांच्या अस्तित्वाचा आहे. गुग्गुळ व जटामांसी या वनस्पती आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त गणल्या आहेत. जटामांसी व अगरु यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार निर्बंध आहेत. आमवातापासून मेदोरोगापर्यंत ज्या गुग्गुळाशिवाय आपले चालत नाही, तो केवळ वासासाठी रोज जाळणे परवडणारे नाही. धूपनार्थ निंबपत्र, सर्षप, सालई यांसारखी सुलभ द्रव्ये सुचवावीत.

उपसंहार

गृहसौगंध्याचा शास्त्रोक्त क्रम चार पायऱ्यांत सांगता येतो : निदान शोधणे, शोधन करणे, वायू व आतपाने शुष्क करणे, आणि अखेरीस इच्छा असल्यास सौम्य सुगंध. आपण बहुधा चौथ्या पायरीपासून आरंभ करतो. आमच्या नव्या पत्रकात आता धुरीचा उल्लेख शेवटच्या ओळीत, विधी व निषेधांसह आहे. पहिली ओळ अशी आहे : "वास कोठून येतो, ते आधी शोधावे. कपाट भिंतीपासून पुढे ओढून पाहावे." व्यवसायबंधूंनी आपापली पत्रके या दृष्टीने एकदा तपासून पाहावीत, एवढीच विनंती.